मूठभर तांदळाचा नाताळ: मुनिरका आणि भेटवस्तूंविना सणाचा इतिहास

प्रस्तावना

सणांचा इतिहास अभ्यासताना आपण बहुधा धर्मग्रंथ, विधी आणि मिरवणुका यांच्याकडे पाहतो. सणाचा खर्च कोण करतो, तो कसा उभा राहतो आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला त्या सणात कोणते स्थान मिळते, हे प्रश्न मागे राहतात. वास्तविक सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने हेच प्रश्न महत्त्वाचे आहेत. घरातल्या नेहमीच्या दिवसात गरिबी झाकता येते. सणाच्या दिवशी मात्र ती चारचौघांत उघडी पडते.

या पाठात आपण दक्षिण दिल्लीतील मुनिरका या वस्तीत साजऱ्या होणाऱ्या नाताळाचा विचार करणार आहोत. येथे मिझोराम, नागालँड, मणिपूर अशा राज्यांतून आलेले विद्यार्थी आणि नोकरदार भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्या नाताळात भेटवस्तू थोड्या असतात, पुष्कळदा नसतातच. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की पैशांअभावी हा सण अर्धामुर्धा होतो. हा समज इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, असे या पाठाचे प्रतिपादन आहे. भेटवस्तूंचा नाताळ ही एका विशिष्ट काळाची आणि प्रदेशाची प्रथा आहे. मुनिरकात दिसणारा वर्गणीचा, पंगतीचा आणि सामूहिक गायनाचा नाताळ दुसऱ्या एका परंपरेतून आला आहे, आणि ती परंपरा स्वतंत्र अभ्यासाला पात्र आहे.

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी सांगता याव्यात: मुनिरकाची वस्ती कशी घडली, नाताळाच्या भेटवस्तूंची प्रथा केव्हा रूढ झाली, ईशान्येकडील डोंगरी समाजांत सामुदायिक भोजन नाताळाच्या केंद्रस्थानी कसे आले, आणि स्थलांतरितांना सणाच्या वेळी खरी टंचाई कशाची भासते.

१. मुनिरका: गाव, विद्यापीठ आणि भाड्याची खोली

मुनिरका हे मूळचे टोकस गोत्राच्या जाटांचे शेतकरी गाव. स्वातंत्र्यानंतर दिल्ली दक्षिणेकडे पसरू लागली तेव्हा या परिसरातील गावांची शेतजमीन सरकारने संपादित केली. तिच्यावर सरकारी वसाहती, संस्था आणि दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका उभ्या राहिल्या. शेजारीच १९६९ मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठ स्थापन झाले. शेती गेली, पण गावठाण राहिले.

दिल्लीत गावठाणाच्या हद्दीला ‘लाल डोरा’ म्हणतात. महसुली नकाशावर वस्तीची हद्द लाल रेषेने दाखवण्याची ही पद्धत १९०८ पासूनची आहे. लाल डोऱ्याच्या आतील बांधकामांना शहराचे बांधकाम नियम दीर्घकाळ लागू नव्हते. त्यामुळे जमीन गमावलेल्या कुटुंबांनी आपल्या घरांवर मजले चढवले आणि खोल्या भाड्याने दिल्या. भाडे हेच त्यांचे नवे पीक झाले. समोरासमोरच्या गच्च्या हाताला लागतील इतक्या अरुंद गल्ल्या, एका जिन्यावर अनेक बिऱ्हाडे आणि त्या मानाने परवडणारे भाडे, असे मुनिरकाचे आजचे रूप या प्रक्रियेतून आले.

ईशान्येकडील विद्यार्थी येथे का आले, याचे एक कारण विद्यापीठाच्या धोरणात सापडते. मागास भागांतून येणाऱ्या उमेदवारांना प्रवेशपरीक्षेत काही अधिक गुण देण्याची पद्धत या विद्यापीठात अनेक वर्षे होती. वसतिगृहात जागा मिळेपर्यंत, किंवा शिक्षण संपल्यावर स्पर्धा परीक्षांची तयारी करताना, मुनिरकाची खोली सोयीची पडे. पुढे १९९० नंतरच्या काळात दिल्लीत मॉल, उपाहारगृहे, कॉल सेंटर आणि ब्यूटी पार्लर वाढले. तेथील नोकऱ्यांसाठी आलेल्या तरुणांनीही अशाच वस्त्या निवडल्या. संशोधक डंकन मॅकड्यूई-रा यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्थईस्ट मायग्रंट्स इन दिल्ली’ या ग्रंथात या स्थलांतराचा अभ्यास केला आहे.

येथे जनगणनेचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. २०११ च्या जनगणनेनुसार मिझोरामच्या लोकसंख्येत ख्रिस्ती ८७.१६ टक्के आहेत, तर दिल्लीत ०.८७ टक्के. ऐझॉलहून मुनिरकात येणारा तरुण एका प्रवासात बहुसंख्याकाचा अल्पसंख्याक होतो. ज्या गावात २५ डिसेंबरला घराघरांतून गाणी ऐकू येतात तेथून तो अशा गल्लीत येतो जिथे तो दिवस शेजाऱ्यांसाठी केवळ सुट्टीचा असतो. सण आपोआप घडत नाही, तो घडवावा लागतो, हे त्याला प्रथम येथे जाणवते.

२. भेटवस्तूंची प्रथा किती जुनी?

नाताळ म्हणजे सजवलेले झाड, त्याखाली रंगीत कागदात गुंडाळलेल्या वस्तू आणि लाल पोशाखातील सांताक्लॉज, हे चित्र इतके परिचित झाले आहे की ते सनातन वाटते. प्रत्यक्षात ते मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकातील इंग्लंड-अमेरिकेच्या शहरी मध्यमवर्गाने घडवलेले आहे.

त्यापूर्वीची स्थिती वेगळी होती. तेराव्या शतकात संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेच्चो येथे १२२३ मध्ये गव्हाणीचा देखावा मांडला. येशूचा जन्म गोठ्यात झाला ही कथा साध्या माणसांना डोळ्यांनी दिसावी, हा त्याचा हेतू होता. सतराव्या शतकात प्युरिटन पंथीयांनी तर हा सणच नाकारला, कारण बायबलमध्ये त्याची आज्ञा नाही आणि त्या निमित्ताने दारू व दंगा वाढतो, असे त्यांचे म्हणणे होते. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळ रद्द केला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबर ही सार्वजनिक सुट्टी झाली ती थेट १९५८ मध्ये.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटले. चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ ही कथा १८४३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी लंडनमध्ये विक्रीसाठी पहिले छापील नाताळकार्ड निघाले. मोठी दुकाने, स्वस्त छपाई, कारखान्यात बनणारी खेळणी आणि टपालसेवा यांच्या जोरावर भेटवस्तू हळूहळू सणाच्या मध्यभागी आली. तरी डिकन्सच्या कथेतही गरीब क्रॅचिट कुटुंबाचा आनंद भाजलेल्या हंसाभोवती आणि पुडिंगभोवती आहे. पगार थोडा, माणसे जास्त, आणि सगळे एका टेबलाशी, हीच त्या प्रसंगाची ताकद आहे.

आपल्या मराठी मुलुखाकडे वळू. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला असून त्याचे मूळ जन्मवाचक लॅटिन शब्दात आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त, म्हणजे १६१६ मध्येच, येशूजन्माची कथा मराठी ओवीत आली. गोव्यात नेवऱ्या, दोदोल, कुलकुल अशा गोड पदार्थांची ताटे शेजारीपाजारी पाठवण्याची रीत आहे. हिंदू शेजारी चतुर्थी-दिवाळीला आपला फराळ पाठवून ती परतवतात. महाराष्ट्रातील मराठी ख्रिस्ती घरांत करंज्या, शंकरपाळे, चकल्या होतात आणि त्यांना ‘फराळ’च म्हटले जाते. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर भजन आणि कीर्तन हे प्रकार चर्चमध्ये रुजवले. वस्तूंपेक्षा खाद्यपदार्थ आणि गाणे यांना अधिक महत्त्व देणारा हा नाताळ आहे. मराठी भाषकाला मुनिरकाचा सण परका वाटण्याचे कारण नाही.

यात एक गमतीचा धागाही आहे. १८१३ मध्ये मुंबईत पोहोचलेल्या आणि पुढे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरात काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचे मुख्य कार्यालय बोस्टनला, म्हणजे जिथे एकेकाळी नाताळाला दंड होता त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये होते. मिशनऱ्यांनी धर्म आणला, पण सणाचा थाट त्यांनी तयार बांधून आणला नव्हता. तो इथल्या माणसांनी आपल्या स्वयंपाकघरातून आणि आपल्या गाण्यातून उभा केला. ईशान्येकडेही हेच घडले.

३. श्रीमंताची मेजवानी आणि मूठभर तांदूळ

मिझो समाजात ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी मेजवानी ही प्रतिष्ठेची खूण होती. सरदार किंवा धनवान माणूस गुरे मारून साऱ्या गावाला अनेकदा जेवण घालत असे. अशा मेजवान्यांची ठरावीक मालिका पूर्ण करणाऱ्याला ‘थांगछुआ’ हा मान मिळे. शिकारीतील पराक्रमानेही तो मिळवता येई. थांगछुआ झालेल्याला विशिष्ट नक्षीचे वस्त्र वापरण्याचा आणि घराला खिडकी ठेवण्याचा अधिकार असे. एवढेच नव्हे, तर मृत्यूनंतर ‘पिआलराल’ या सुखलोकात त्याला प्रवेश मिळतो आणि तेथे कष्टाविना सडलेला तांदूळ खायला मिळतो, अशी श्रद्धा होती. उतारावर झूम शेती करणाऱ्या, भात सडून हात दुखणाऱ्या माणसाच्या दृष्टीने स्वर्गाची याहून नेमकी कल्पना कोणती असणार? पण त्या स्वर्गाची वाट बहुतेकांच्या ऐपतीबाहेर होती.

नागा समाजांतही अशा मेजवान्यांना मोठे स्थान होते. आओ नागांमध्ये ई. डब्ल्यू. क्लार्क यांच्या प्रयत्नाने १८७२ पासून बाप्टिस्ट मिशनचे काम सुरू झाले. मणिपूरच्या उखरुल येथे तांगखुल नागांमध्ये विल्यम पेटिग्रू १८९६ मध्ये आले. मिझो डोंगरांत जे. एच. लॉरेन आणि एफ. डब्ल्यू. सॅव्हिज हे १८९४ मध्ये आणि वेल्श प्रेस्बिटेरियन मिशनचे डी. ई. जोन्स १८९७ मध्ये पोहोचले. मेजवान्यांशी बळी आणि तांदळाची दारू जोडलेली असल्यामुळे मिशनऱ्यांनी त्यांना विरोध केला.

या बदलाकडे दोन बाजूंनी पाहता येते. ब्रिटिश अधिकारी जे. पी. मिल्स यांनी ‘द आओ नागाज’ (१९२६) या ग्रंथात मिशनच्या धोरणावर टीका केली. मेजवानीमुळे श्रीमंताचे साठलेले धान्य गावात वाटले जाई, ती वाट बंद झाली, असा त्यांचा मुद्दा होता. दुसरी बाजू अशी की ज्याला आयुष्यभर एकही मेजवानी देणे शक्य नव्हते, त्याच्यासाठी नव्या धर्मात सुखलोकाचा दरवाजा खर्चाविना उघडला. दोन्ही निरीक्षणांत तथ्य आहे. म्हणूनच पुढील प्रश्न महत्त्वाचा ठरतो: श्रीमंताची मेजवानी थांबल्यावर गावाने एकत्र जेवायचे कसे?

याचे उत्तर मिझो चर्चमधील एका साध्या प्रथेत मिळते. तिचे नाव ‘बुहफाइ थाम’, म्हणजे तांदळाची मूठ. स्वयंपाकासाठी तांदूळ मोजून घेतला की घरातील स्त्री त्यातून एक मूठ बाजूला काढून वेगळ्या भांड्यात ठेवते. मंडळीतील स्त्रिया घरोघर जाऊन ते तांदूळ गोळा करतात. ते विकून येणारा पैसा चर्चच्या कामाला जातो. १९१० मध्ये ही प्रथा सुरू झाली. पुढच्याच वर्षी बांबू फुलून उंदरांची पैदास वाढली, पिके फस्त झाली आणि ‘मौताम’ नावाने ओळखला जाणारा दुष्काळ पडला. अशा काळातून ही प्रथा टिकली आणि आजही चालू आहे. शेकडो मुठींतून चर्चला मोठे उत्पन्न मिळते.

या प्रथेत एक सूक्ष्म तत्त्व आहे. थांगछुआच्या मेजवानीत देणारा एक आणि खाणारे अनेक. मुठीच्या पद्धतीत प्रत्येक घर देणारे असते. गरिबाची मूठ आणि श्रीमंताची मूठ आकाराने जवळजवळ सारखीच. जेवणाऱ्या तोंडांतून ती काढली जाते, त्यामुळे देण्यासाठी शिल्लक असण्याची अट राहत नाही.

नाताळाची सामुदायिक मेजवानी, मिझो भाषेत ‘रुआइ’, याच वृत्तीने चालते. घराघरांतून वर्गणी येते. तरुण लाकूडफाटा आणतात, कोणी मांस कापतो, कोणी भाज्या निवडतो, मोठ्या कढयांत अन्न शिजते आणि साऱ्या मंडळीची पंगत बसते. तांदळाच्या दारूची जागा चहाने घेतली. जोडीला गायन असते. वेल्श मिशनऱ्यांनी शिकवलेल्या सोल्फा पद्धतीत स्वर अक्षरांनी लिहितात, त्यामुळे महागड्या वाद्यांशिवाय चार आवाजांत गाता येते. १९१९ च्या धार्मिक पुनरुज्जीवनाच्या लाटेनंतर ढोलाच्या ठेक्यावर गोलाकार बसून गाण्याची ‘लेंगखॉम’ ही खास मिझो रीत रुजली. अन्न, आवाज आणि श्रम या तिन्ही गोष्टी समाजाकडे आधीपासून होत्या. बाजारातून आणावे लागणारे असे त्यात थोडेच होते.

४. भेट आणि वर्गणी: दोन वेगळे व्यवहार

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये भेटीवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. भेट फुकट नसते. देणे, स्वीकारणे आणि परतफेड करणे अशी तीन बंधने तिच्याबरोबर येतात, असे त्यांनी दाखवले. ज्याला परतफेड जमत नाही तो देणाऱ्यापुढे लहान होतो. हातात पैसा नसणाऱ्याला सण नकोसा वाटतो तो यामुळे. त्याला वस्तूची हाव नसते, परतफेड न करता आल्याची लाज असते.

हे साध्या गणिताने पाहू. समजा, मुनिरकात वीस मित्रमैत्रिणींचा गट आहे. प्रत्येकाने प्रत्येकाला भेट द्यायची ठरवली तर एकूण ३८० वस्तू लागतील. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एकालाच भेट द्यायची, अशी ‘सीक्रेट सांता’ पद्धत घेतली तर २० वस्तू लागतात. प्रत्येकी २०० रुपये वर्गणी काढली तर ४,००० रुपये जमतात आणि त्यात वीस जणांचे भात, मांस, भाजी व चहा होऊ शकते. वस्तू एकही लागत नाही. पहिल्या पद्धतीत प्रत्येक जोडीमध्ये देण्याघेण्याचा हिशेब तयार होतो. तिसऱ्या पद्धतीत हिशेब एकच राहतो आणि तो सगळ्यांचा असतो. एखाद्याला २०० रुपये जमले नाहीत तर तो कांदा चिरतो, भांडी घासतो, गिटार वाजवतो. श्रमाची वर्गणीही वर्गणीच असते.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना हे तत्त्व ओळखीचे वाटेल. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने वसतिगृहांसाठी ‘मुष्टिफंड’ चालवला. घरातील बाई दळणातून मूठभर धान्य बाजूला काढी आणि त्यावर दूरच्या खेड्यांतली मुले जेवत व शिकत. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून तळेगावला काच कारखाना उभा राहिला. देवळातला भंडारा, गावजेवण, गणेशोत्सवाची वर्गणी यांतही कमी-अधिक प्रमाणात हेच चालते. बुहफाइ थाम आणि मुष्टिफंड यांचा एकमेकांशी ऐतिहासिक संबंध जोडण्याची गरज नाही. रोख पैसा दुर्मीळ आणि धान्य रोजचे, अशा समाजांत सारख्याच गरजेतून सारखी संस्था जन्म घेते, एवढे लक्षात ठेवावे.

५. मुनिरकात खरी टंचाई कशाची?

आता पुन्हा मुनिरकात येऊ. भेटवस्तूंच्या अभावाने हा सण अडत नाही, तर तो कशाने अडतो? चार गोष्टी दिसतात.

पहिली, घरचा प्रवास. सणाचा सर्वांत मोठा खर्च तिकिटाचा असतो. ऐझॉलला जाण्यासाठी आतापर्यंत गुवाहाटी किंवा सिलचरपर्यंत रेल्वे आणि पुढे डोंगरातून सुमो, किंवा मग महागडे विमान, असे पर्याय होते. १३ सप्टेंबर २०२५ रोजी बैराबी–सायरंग मार्गाचे उद्घाटन झाले आणि ऐझॉलचे उपनगर प्रथमच रेल्वेशी जोडले गेले. तरीही हा प्रवास काही दिवसांचा आणि काही हजारांचा राहतोच. ज्याला तो परवडत नाही तो मुनिरकात राहतो. मुनिरकाचा नाताळ हा मुख्यतः घरी जाऊ न शकलेल्यांचा नाताळ आहे.

दुसरी, वेळ. ईशान्येकडील अनेक तरुण मॉलमधील दुकानांत आणि उपाहारगृहांत काम करतात. या धंद्यांत डिसेंबरचा शेवटचा आठवडा सर्वांत गर्दीचा, म्हणून रजा मिळणे कठीण. परिणामी ज्यांच्या गावी नाताळ हा वर्षाचा सर्वांत मोठा सण, तेच त्या दिवशी दुसऱ्यांच्या नाताळाच्या भेटवस्तू गुंडाळून देत असतात. पंगत मग पाळी संपल्यावर रात्री बसते, किंवा सोयीच्या रविवारी.

तिसरी, जागा. दहा बाय दहाच्या खोलीत वीस माणसे बसू शकतात, पण ढोल वाजवून गाऊ शकत नाहीत. त्यामुळे मंडळ्या भाड्याचे सभागृह, शाळेचा हॉल किंवा दुसऱ्या मंडळीचे चर्च ठरावीक वेळेपुरते घेतात. वर्गणीचा मोठा वाटा जेवणाआधी या भाड्यावर जातो.

चौथी आणि सर्वांत नाजूक, स्वयंपाकाचे स्वातंत्र्य. आंबवलेले सोयाबीन म्हणजे ‘अखुनी’, बांबूचे कोंब, सुकी मासळी यांच्याशिवाय या मेजवानीला चव नाही. मुनिरका आणि हुमायूंपूर येथील दुकानांत हे पदार्थ मिळतात. पण त्यांचा वास घरमालकांना आणि शेजाऱ्यांना खटकतो. २००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडील विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या सूचनापुस्तिकेत असे वासाचे पदार्थ शेजारी गडबड न होऊ देता शिजवावेत, असा सल्ला होता आणि त्यावर टीकाही झाली. निकोलस खारकोंगोर यांचा ‘अखुनी’ (२०१९) हा चित्रपट हुमायूंपूरमधील अशाच एका स्वयंपाकाभोवती रचलेला आहे. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत झालेल्या मारहाणीनंतर अरुणाचल प्रदेशचा विद्यार्थी निडो तानिया याचा मृत्यू झाला. त्यानंतर केंद्र सरकारने एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिने त्याच वर्षी अहवाल दिला. सणाचे साधे जेवण शिजवणे हा नागरी हक्कांच्या प्रश्नाशी कसा जोडलेला आहे, हे या घटनाक्रमातून समजते.

३ मे २०२३ पासून मणिपूरमध्ये उसळलेल्या हिंसाचाराने आणखी एक कडू वास्तव समोर आणले. हजारो कुटुंबे विस्थापित झाली, काही दिल्लीतही आली. त्या वर्षीच्या नाताळात अनेक मंडळ्यांनी सजावट आणि जल्लोष टाळून प्रार्थना आणि मदत यांवर भर दिला. ज्यांचे घरच जळाले त्यांच्यासाठी ‘घरी जाता आले नाही’ या वाक्याचा अर्थ निराळा होता. वर्गणीचे भांडे अशा वेळी मेजवानीकडून मदतीकडे वळू शकते. भेटवस्तूंच्या व्यवहाराला हे वळण इतके सहज घेता येत नाही.

६. दुसरी बाजू आणि अभ्यासाची साधने

हे सर्व वाचून गरिबीचा गौरव करण्याचा मोह होऊ शकतो. तो टाळावा. वर्गणीलाही दबाव असतो. यादीत नाव आणि रक्कम जाहीर वाचली जात असेल, तर कमी देणाऱ्याची मान खाली जाते. स्वयंपाकाचा भार बहुधा ठरावीक लोकांवर पडतो. एकाच गावच्या, एकाच भाषेच्या लोकांची पंगत जवळीक देते, तशी ती शेजारच्या खोलीतील वेगळ्या जमातीच्या माणसाला बाहेरही ठेवू शकते. शिवाय बाजार ईशान्येकडेही पोहोचला आहे. नवे कपडे, रोषणाई, केक यांचा खर्च तेथेही वाढतो आहे. वर्गणीचा नाताळ शुद्ध आणि भेटीचा नाताळ भ्रष्ट, अशी विभागणी इतिहासाला मान्य होणारी नाही.

अशा सणाचा इतिहास कोणत्या साधनांवर लिहायचा? भेटवस्तूंची बिले असतात, जाहिराती असतात. पंगतीचे असे काही उरत नाही. येथे इतिहासकाराला मंडळीची वर्गणीवही, चर्चच्या बैठकांची इतिवृत्ते, झिजलेली गीतपुस्तके, छायाचित्रे, समूहाच्या मोबाइलवरील सूचना आणि मुख्यतः मौखिक मुलाखती यांच्याकडे वळावे लागते. मिझो अस्मितेवर ‘बीइंग मिझो’ (२०१४) हा ग्रंथ लिहिणाऱ्या इतिहासकार जॉय पचुआउ या मुनिरकाच्या शेजारील विद्यापीठातच अध्यापन करतात. रोजच्या व्यवहारांतून समाज स्वतःला कसा घडवतो, हे पाहण्याची दृष्टी अशा लेखनातून मिळते.

सारांश

नाताळाच्या भेटवस्तूंची प्रथा मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील बाजारव्यवस्थेबरोबर वाढली. ईशान्येकडील डोंगरी समाजांत त्याच सणाने वेगळे रूप घेतले. प्रतिष्ठेसाठी श्रीमंताने दिलेली मेजवानी मागे पडली आणि सर्वांच्या वर्गणीतून होणारी पंगत पुढे आली. १९१० मध्ये सुरू झालेली तांदळाच्या मुठीची प्रथा या बदलाचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. मुनिरकातील स्थलांतरित हीच परंपरा भाड्याच्या खोलीत चालवतात. त्यांच्या सणात उणीव आहे ती तिकिटाची, सुट्टीची, जागेची आणि निर्धास्तपणे चूल पेटवण्याच्या मोकळिकीची. यांपैकी पहिल्या गोष्टीला पैसा लागतो. उरलेल्या तीन मालकाने, शेजाऱ्याने आणि शहराने द्यायच्या आहेत.

विचारासाठी प्रश्न

१. थांगछुआची मेजवानी आणि नाताळाची सामुदायिक मेजवानी यांत देणारा आणि घेणारा यांचे नाते कसे बदलते? मिल्स यांच्या टीकेचा आधार घेऊन चर्चा करा.

२. तुमच्या गावातील किंवा वसतिगृहातील एखाद्या सणाची वर्गणीवही मिळवा. पैसा, धान्य आणि श्रम असे तीन रकाने करून कोणी काय दिले ते नोंदवा. ज्यांचे नाव वहीत नाही, पण ज्यांनी काम केले, अशी माणसे कोण?

३. लाल डोरा, विद्यापीठाचे प्रवेशधोरण आणि सेवाक्षेत्रातील नोकऱ्या या तीन घटकांनी मुनिरकाची वस्ती कशी घडवली ते स्पष्ट करा.